चार बार

कल्याण: दोनशे तीस म्हणजे दोनशे तीस. दारावर छापलंय बघ. तू फक्त हवा मार.

बेबीनंदा: अवो साहेब, दोनशे तीस मारले तर गाडी नागपूरला न्हाई जायची, वर जाईल. तुमच्यासकट.

कल्याण: मंग काय खोटं छापलंय? गाडी घेऊन दोन म्हैने झालेत. शोरूमची आहे, भंगारातून न्हाई उचलली.

बेबीनंदा: छापलंय ते बराबर हाय. वाचणारा चुकायलाय. आकड्याच्या म्होरं काय लिवलंय ते बघा की.

कल्याण: के का काहीतरी आहे. किलो असंल.

बेबीनंदा: दोनशे तीस किलो! हवा हाय का ज्वारी?

तृप्ती: पप्पा, ते के-पी-ए आहे. किलोपास्कल. थांबा मावशी, मी मोबाईलवर बघून सांगते.

बेबीनंदा: मोबाईल राहू दे बाई. त्या भिंतीकडं बघ.

तृप्ती: अगं बाई! केवढा तक्ता. पॉइंट, किलो, बार, केपीए... सगळंच आहे की. पेंटरकडून करून घेतलंत?

बेबीनंदा: पेंटर कशाला? रंग मपला, हात मपला. पॉइंट म्हणजे तुमचं पीएसआय, इकडं समदे पॉइंटच म्हणतात. दोनशे तीस केपीए म्हणजे तेहतीस पॉइंट. बघ, तिसऱ्या ओळीत हाय.

तृप्ती: आणि आत स्क्रीनवर डाव्या मागच्या चाकाला १.६ दाखवतंय, ते काय?

बेबीनंदा: ते बारमधी. तेवीस पॉइंट भरतेत. म्हणजे दहा कमी. म्हणून दिवा लागलाय. दारावर एक माप, काचेवर दुसरं माप, अन् मपल्या मीटरवर तिसरं. माणसानं मरावं कुठं?

कल्याण: ए बाई, शाळा भरवू नको. आम्हाला समृद्धीला चढायचंय. पाचच्या आत नागपूरला कॉलेजात हजर व्हायचंय, न्हाईतर पोरीची सीट दुसऱ्याला जाती. आता साडेअकरा झाले. जल्दी कर.

बेबीनंदा: करते की. तेहतीस मारते.

कल्याण: पुन्हा तेच! अगं, कंपनीनं लिहिलंय. कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं का?

बेबीनंदा: काय म्हणलात?

कल्याण: कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं का म्हणलो. ऐकू कमी येतं का?

बेबीनंदा: न्हाई. आता लई चांगलं ऐकू आलं.

तृप्ती: पप्पा, मावशी बरोबर सांगतायत. तेहतीसच. मी आत्ताच बघितलं. तुम्ही जरा गप्प बसा ना.

बेबीनंदा: साहेब, नाव काय म्हणायचं तुमचं?

कल्याण: नाव कशाला पाहिजे? पावती फाडायची का?

बेबीनंदा: तोंड वळखीचं वाटलं. अंकुशनगरकडं उसाचे ट्रॅक्टर असायचे ना तुमचे? कल्याणराव?

कल्याण: असायचे काय? आहेत. चार होते, आता सहा झालेत. तू कशी ओळखती?

बेबीनंदा: उसाच्या रस्त्यावर तुम्हाला कोण वळखत न्हाई मालक. बसा, त्या खुर्चीवर बसा. बाई, तू बी उतर खाली. माठात गार पाणी हाय. समृद्धीला चढायचं म्हणल्यावर एक चाक बघून भागायचं न्हाई. चारी बघते.

कल्याण: आता कशी शहाण्यासारखी बोलली! बघ बघ. बिलकुल फिट करून दे.

तृप्ती: मावशी, गाव कुठलं तुमचं?

बेबीनंदा: माहेर परतूरकडलं. दुकान आधी अंकुशनगरच्या फाट्यावर होतं. सहा वर्षं झाली इकडं जालन्याच्या रस्त्याला येऊन.

तृप्ती: का सोडलं तिकडचं?

बेबीनंदा: तिकडं लोक दुकानाला बेवड्याचं दुकान म्हणायला लागले. गिऱ्हाईक हसत हसत यायचं अन् हसत हसत जायचं.

तृप्ती: मावशी, त्या चाकाची तर सगळीच हवा सोडली तुम्ही. ह्याची पण?

बेबीनंदा: जुनी हवा काढून टाकायली.

कल्याण: चारीची?

बेबीनंदा: हाव. चारीची.

कल्याण: आता हे काय नवीन? कोण करतं असं? गाडी पार बसली की खाली! चल, भर फटाफट.

बेबीनंदा: भरते. पण चारी वॉल्व्हच्या पिना मपल्या मुठीत हायेत. ह्या जाग्यावर बसल्याबिगर चाकात हवा राहत न्हाई. अन् त्या बसवायच्या आधी मला तुमच्याशी बोलायचंय.

कल्याण: बोलायचंय? माझ्याशी? ए, डोकं फिरलं का तुझं? आण इकडं त्या पिना.

बेबीनंदा: एक पाऊल म्होरं टाकलं तर समोरच्या गटारात फेकते. मंग हुडकत बसा पोरीच्या कॉलेजची येळ होस्तोवर.

कल्याण: पोलिसाला फोन लावतो मी. भर दिवसा अडवाअडवी करून राह्यली.

बेबीनंदा: लावा. लावाच. तुमचा सात वर्षांमागचा जबाब तिथंच कुठंतरी पडला असंल. त्यांना म्हणावं, तो बी घेऊन या, वाचून दाखवा.

कल्याण: कसला जबाब?

बेबीनंदा: मी राजानंदची बायको हाय. बेबीनंदा.

कल्याण: कोण राजानंद?

बेबीनंदा: वा! मारून मोकळा झाला अन् नाव बी इसरला. तृप्ती ना गं तुझं नाव? मघाशी गाडीत बापानं हाक मारली तवा ऐकलं. तृप्ती, तुझ्या बापाला आठवत न्हाई. तुला ठावं हाय का राजानंद?

तृप्ती: राजानंद... म्हणजे... चारबारवाला?

बेबीनंदा: काय म्हणली?

तृप्ती: सॉरी मावशी. आमच्या घरात... पप्पा म्हणायचे तसं. मी दहावीला अभ्यास करत नव्हते ना, तेव्हा रोज म्हणायचे, शीक, नाहीतर त्या चारबारवाल्यासारखं होईल. पिऊन ट्रॉलीच्या चाकात हवा भरत होता म्हणे. माप कळत नव्हतं. टायर फुटून मेला.

बेबीनंदा: अस्सं. मपल्या नवऱ्याच्या मढ्यावर तुम्ही पोरीचा अभ्यास करून घेतला, कल्याणराव?

कल्याण: तृप्ती, गाडीत बस. जाऊन बस म्हणतो ना!

तृप्ती: गाडी कुठं जाणार आहे पप्पा? चारी चाकं खाली बसलीत.

बेबीनंदा: बसू नको. उभी ऱ्हा अन् ऐक. तू शिकलेली हायेस, तुला कळंल. त्या साली तुझ्या बापानं नवी ट्रॉली आणली. लांबच्या कुठल्या कंपनीची. उसाचं वझं वढणारी, चाकाला लोखंडी रिंग बसवलेली. उन्हं उतरायच्या येळंला आला फाट्यावर, म्हणला हवा भर. मी आत भाकरी थापत होते. मधी नुसता पत्रा. दोघांचा शब्द न् शब्द मला ऐकू येत होता.

कल्याण: काय ऐकू येणार? कंप्रेसर चालू होता.

बेबीनंदा: म्हणजे आठवतंय! मघा तर राजानंद कोण म्हणत होता. आता कंप्रेसर बी आठवला.

तृप्ती: पप्पा, मध्ये बोलू नका. सांगा मावशी.

बेबीनंदा: त्यानं इचारलं, मालक किती पॉइंट मारू? हा म्हणला, इथं चार बार लिहिलंय, चार बार मार. तो म्हणला, पॉइंटमधी सांगा. हा म्हणला, पॉइंट न्हाई न् फिइंट न्हाई, चार बार म्हणजे चार बार. मंग त्यानं आपल्या अंदाजानं सुरू केली. त्याला मीटरची गरज नव्हती बघ. टायरवर हातोडी मारली की आवाजावरून सांगायचा. मी ऐकलं, तो म्हणला, अठ्ठावन झाले मालक, बास. चाक म्हणायलंय बास.

तृप्ती: मग?

बेबीनंदा: मंग हा म्हणला, ही एक बार झाली. अजून तीन बार मार.

तृप्ती: म्हणजे? एक बार झाली म्हणजे काय?

बेबीनंदा: तूच इचार कर. आपल्या इकडं बार म्हणजे काय? किती बार सांगितलं तुला. एक बार येऊन जा. दो बार जेवला.

तृप्ती: वेळा? पप्पा, तुम्हाला बार म्हणजे वेळा वाटलं? चार वेळा हवा मारायची?

कल्याण: तसं काही नव्हतं. ही बाई मनानं रचून राह्यली.

बेबीनंदा: रचून? मंग हे बी मी रचलं असंल. तो म्हणला, मालक, रिंग निसटंल, जिवावर येईल. अन् तू काय म्हणला रे? कंपनीनं लिहिलंय. कंपनीपेक्षा तुला जास्त कळतं का? आज सात वर्षांनी मपल्याच दुकानात उभा राहून तू तेच म्हणला. तुझं तोंड मी इसरले असते, तुझे केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. पण हे शब्द मी रोज ऐकते. झोपंत ऐकते.

तृप्ती: आणि त्यांनी मारली हवा?

बेबीनंदा: मारली. शंभराच्या वर गेली असंल. चार ट्रॅक्टरचा मालक पुढ्यात उभा. उद्या आपल्याकडं काम न्हाई टाकलं तर? मारली बिचाऱ्यानं. मंग एकच आवाज झाला. मी भायेर आले तं रिंग उडून छातीत बसल्ती. तवा त्यानं काय म्हणावं? म्हणला, बेबी, मी थांबलो होतो गं. एवढंच. दवाखान्यापर्यंत बी न्हाई टिकला.

तृप्ती: मावशी...

बेबीनंदा: रडू नको. मी न्हाई रडायले, तू कामून रडती? मला तुझं एक काम हाय. भिंतीकडं बघू नको. एक बार म्हणजे साडेचौदा पॉइंट. तर चार बार म्हणजे किती? तूच कर.

तृप्ती: चार गुणिले साडेचौदा. चौदा चोक छप्पन... चार अर्धे दोन... अठ्ठावन.

बेबीनंदा: परत एक बार सांग. ह्याला ऐकू जाऊ दे.

तृप्ती: अठ्ठावन. पप्पा, अठ्ठावन! ते बरोबर थांबले होते. कंपनीनं लिहिलं होतं तिथंच थांबले होते. नुसत्या आवाजावरून!

बेबीनंदा: तुला हे करायला किती येळ लागला? चुटकीसरशी केलं. मला आठ म्हैने लागले. पंचनाम्याच्या दिवशी मी समद्यांसमोर म्हणले, मपला नवरा अठ्ठावनला थांबला होता. तर लिहिणाऱ्या साहेबानं इचारलं, अठ्ठावन पॉइंट म्हणजे किती बार? मला कुठं ठावं? अन् हा तुझा बाप, बाकड्यावर पायावर पाय टाकून बसल्ता. हसला. म्हणला, लिहा साहेब, नवरा तशी बायको.

कल्याण: मी असं म्हणलो न्हाई.

बेबीनंदा: म्हणला! तुझा तो दात दिसला मला. सोन्याचा. अजून हाय की तोंडात. त्या हसण्यापायी मी शिकले. शाळंतल्या बद्रीनाथ मास्तरांकडं जाऊन बसायची. सातवी नापास बाई, चाळिशीला आलेली. पोरं हसायची. पास्कल म्हणजे काय, बार म्हणजे काय, किलो म्हणजे काय, समदं पाठ केलं. ज्या दिवशी चौदा चोक छप्पन अन् दोन अठ्ठावन झाले ना, त्या दिवशी मी लई रडले. तो मेला त्या दिवशी बी एवढी रडले नव्हते. अडाणी नव्हता गं तो. अडाणी कोण होतं?

कल्याण: बास झालं. ऐक बाई. झालं ते वाईट झालं. मान्य. माणूस गेला. पण तो पिऊन होता. बाटली सापडली दुकानात. ती काय मी रचली? दहा जणांनी बघितली.

बेबीनंदा: हां! आली बाटली. म्हणलं अजून कशी न्हाई आली.

कल्याण: दहा जणांनी बघितली!

बेबीनंदा: बघितली ना. पोस्टमार्टममधी पोटात एक थेंब निघाला न्हाई, पण तो कागद कोण वाचतं? बाटली समद्यांनी बघितली. तृप्ती, आम्ही बौद्ध. म्हणजे नावाला बी असतेत, तसे न्हाई. मपला सासरा छप्पन साली दीक्षा घेतलेल्या पिढीतला. राजानंद पंचशील म्हणून मंगच दुकान उघडायचा. लग्नात कुणी पेलेला दिसला तं जेवण सोडून उठायचा. त्याच्या दुकानात बाटली आली कुठून?

कल्याण: मला काय माहीत? लपून पेत असंल. बायकोला सांगून पेतेत का लोक?

तृप्ती: पप्पा, एक मिनिट.

कल्याण: तू गप गं!

तृप्ती: नाही गप बसत. तेव्हा तुमच्या जीपमध्ये सीटखाली बाटल्या असायच्या. ड्रायव्हर लोकांना द्यायला, सीझनमध्ये. आई भांडायची त्यावरून. मी शाळेत जाताना पायाला लागायच्या.

कल्याण: ते वेगळं.

तृप्ती: माझ्याकडं बघा पप्पा. खाली नका बघू. बाटली कुणी ठेवली?

कल्याण: तृप्ती...

तृप्ती: कुणी ठेवली?

कल्याण: अगं, मी घाबरलो होतो. समोर माणूस पडलेला. रक्ताचं थारोळं. ही बोंबलून राह्यली. लोक पळत येऊन राह्यले. मी म्हणलं, आता माझ्यावर येतं. ट्रॅक्टर जप्त होतील, सीझन जाईल, तू लहान होती. हात आपोआप सीटखाली गेला.

बेबीनंदा: अन् आपोआप कंप्रेसरच्या मागं गेला?

कल्याण: हो.

बेबीनंदा: हाताला लई अक्कल हाय तुझ्या. डोक्याला कमी हाय, पण हाताला लई.

तृप्ती: आणि आम्हाला घरी येऊन सांगितलंत, चारबारवाला. आम्ही हसायचो पप्पा. मी वर्गात सुद्धा सांगितली होती ती गोष्ट. सगळे हसले होते.

कल्याण: झालं ना? बोललो ना मी? तुला पाहिजे होतं ते ऐकलं ना बाई? बसव आता पिना. बारा वाजत आले.

बेबीनंदा: घाई कसली मालक? तुला अजून एक ठावं न्हाई. मी हा तक्ता गिऱ्हाइकासाठी शिकले असं वाटतं का? सात वर्षं मी एकच धरून बसले, की एक दिवस कल्याणचं चाक मपल्या हाताखाली यावं. समृद्धीच्या वाटंवर दुकान कामून टाकलं? आज ना उद्या तू इकडून जाणारच. साठ मारून द्यायचे चारी चाकात. काचेवरचा दिवा तेवढा बंद करून द्यायचा, ते बी शिकून घेतलं. म्होरं सिमेंटचा रस्ता, डोक्यावर ऊन, एकशे वीसचा स्पीड. लोक म्हणले असते, टायरच भिकार होतं. नाहीतर म्हणले असते, पिऊन चालवत होता.

तृप्ती: मावशी! तुम्ही खरंच...

बेबीनंदा: खरंच. तुझ्या बापानं ते शब्द बोलल्यावर मपला हात मीटरवर होता. खोटं कशाला बोलू?

तृप्ती: मग हवा सोडून का दिली?

बेबीनंदा: तू गाडीत व्हतीस. बास. कल्याण, तुला सोडलं असं समजू नको. तू एकटा आला असता, तर आत्ता इथं उभा राहून मपल्याशी बोलत नसता.

कल्याण: ऐकलं का तृप्ती? जीव घ्यायला निघाली होती ही. आणि तू हिच्यासाठी बापाला जाब विचारून राह्यली!

तृप्ती: निघाली होती. घेतला नाही. तुम्ही निघाला नव्हता, पण घेतलात.

बेबीनंदा: आता ऐक. पिना देते. पण मला सांगून भागत न्हाई. मला ठावंच होतं. मपली सासू, गिरिजाबाई. भोकरदनला लेकीकडं राहती. तिला सांगायचं.

कल्याण: म्हातारीला? कशाला आता तिला त्रास?

बेबीनंदा: त्रास! तिनं मपलं न्हाई ऐकलं. म्हणली, तू बायको हायेस, नवऱ्याला झाकणारच. कागदावर लिवलंय ते खरं. तिथं तिच्या खोलीत भिंतीवर बाबासाहेब हायेत, सासऱ्याचा फोटो हाय, अन् मधी एक मोकळा खिळा हाय. लेकाचा फोटो तिनं उतरून पेटीत घातला. म्हणती, पंचशील मोडून मेला, त्याच्यापुढं मी मेणबत्ती लावणार न्हाई. चवदा एप्रिलला समद्या घरात उजेड असतो अन् ती म्हातारी त्या खिळ्याकडं पाठ करून बसती. कुणाच्या लग्नाला जात न्हाई. लाजती. कुणी दारुड्याची आई म्हणंल म्हणून.

कल्याण: मी... मी चिठ्ठी लिहून देतो पाहिजे तर.

बेबीनंदा: तिला वाचता येत न्हाई. तुझ्या तोंडानं सांग. तुझ्याच तोंडानं तो दारुडा झाला, तुझ्याच तोंडानं शुद्ध होऊ दे.

कल्याण: तृप्ती, तू तरी समजावून सांग हिला. उशीर होऊन राह्यला. तुझी सीट जाईल. एवढी दोन वर्षं अभ्यास केला तू.

तृप्ती: जाऊ दे. तुम्ही फोन लावत नाही तोपर्यंत मी ह्या दुकानातून हलणार नाही. पाच वाजू दे, सात वाजू दे.

कल्याण: अगं, वेडी का काय तू?

तृप्ती: मावशी, नंबर सांगा आजींचा. मी लावून देते.

बेबीनंदा: मपल्याच फोनवरून लाव. तिथं सासूबाई म्हणून हाय बघ. दुसऱ्या नंबरवरून उचलत न्हाई ती.

तृप्ती: स्पीकरवर टाकू?

बेबीनंदा: नको. ती जे म्हणंल ते त्याच्या एकट्याच्या कानात जाऊ दे.

तृप्ती: रिंग वाजतेय. घ्या पप्पा.

(कल्याण फोन कानाला लावतो.)

कल्याण: हॅलो... गिरिजाबाई का? न्हाई, बेबीनंदा न्हाई. ती इथंच आहे. बरी आहे, बरी आहे. मी कल्याण बोलतो. अंकुशनगरचा... ट्रॅक्टरवाला. हां. तोच. आजी, मला एक सांगायचं होतं. राजानंदचं. ऐका ना. फोन ठेवू नका. तो पेलेला नव्हता. न्हाई. बिलकुल न्हाई. बाटली माझी होती. मी ठेवली होती, तो पडल्यावर. आणि हवा... हवा तो बराबर भरून थांबला होता. मीच जास्त मारायला लावली. मला त्या मापाचं कळलं न्हाई. त्याला कळलं होतं. हां. हो. खरं सांगतो. पोरीची शपथ... हो. मीच... आजी? आजी, ऐकायलात ना? ... हां... हां... न्हाई. मला न्हाई सांगता येत त्याचं. आजी?

तृप्ती: काय झालं? ठेवला?

कल्याण: ठेवला.

बेबीनंदा: काय म्हणली?

कल्याण: काही न्हाई.

बेबीनंदा: कल्याण, पिना अजून मपल्याकडंच हायेत.

कल्याण: म्हणल्या... रोज सकाळी उठून मी लेकराला शिव्या दिल्या. सात वर्षं. त्या आता कशा माघारी घेऊ, ते तेवढं सांग.

तृप्ती: आणि तुम्ही?

कल्याण: मी काय सांगणार?

बेबीनंदा: सरक तिकडं. चाकापुढून बाजूला हो. तृप्ती, तू त्या मीटरवर नजर ठेव. तेहतीस झाले की सांग.

तृप्ती: पंचवीस... तीस... एकतीस... तेहतीस. बास मावशी.

बेबीनंदा: हे बी बघ. अन् पलीकडचं बी तूच बघ. मपल्यावर इश्वास ठेवू नको, डोळ्यानं बघ.

तृप्ती: चारी झाली. तेहतीस, तेहतीस. दिवा पण गेला.

कल्याण: बेबीताई.

बेबीनंदा: ताई म्हणू नको.

कल्याण: मी चुकलो. आता बोललो ना सगळं. पाया पडतो तुमच्या. माफ करा, मनातून काढून टाका.

बेबीनंदा: माफी? म्हातारीनं तुला एक गोष्ट इचारली, तिचं उत्तर हुडक आधी. सापडलं की ये. मंग माफीचं बघू. मला वाटत न्हाई सापडंल असं. अन् सापडू नये असंच मला वाटतं. जा आता.

कल्याण: चल तृप्ती. बस.

तृप्ती: चावी द्या.

कल्याण: का?

तृप्ती: मी चालवते. तुम्ही मागं बसा.

कल्याण: मागं? समोर बसतो की. एवढा लांबचा रस्ता, गप्पा मारत...

तृप्ती: म्हणूनच मागं बसा पप्पा.

बेबीनंदा: सावकाश जा गं. ऐंशीच्या वर नेऊ नको. पाचला दहा मिनिटं कमी असतानी पोचशील बघ, मपला अंदाज चुकत न्हाई.

तृप्ती: मावशी, मी दिवाळीला येईन सुट्टीत. तुम्ही मला भोकरदनला न्याल? आजींना भेटायचंय मला.

बेबीनंदा: ये. एकटी ये.